परगावचा मोडेम, लोकलचं बिल

1985 च्या सुमारास अमेरिकेत ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आणि मोडेम (कॉम्प्युटरचा मजकूर फोनलाइनवरून पाठवणारं यंत्र) होता, त्यांचा सगळा उत्साह फोनच्या बिलापाशी येऊन अडायचा. गावातल्याच बीबीएसला फोन लावायचा असेल तर प्रश्न नव्हता. बीबीएस म्हणजे कुणीतरी हौशी माणसाने घरच्या कॉम्प्युटरला फोनलाइन जोडून चालवलेला बुलेटिन बोर्ड. त्यावर निरोप ठेवा, वाचा, फाइली उतरवून घ्या. लोकल कॉलला बहुतेक ठिकाणी मिनिटामागे पैसे पडत नसत, त्यामुळे तासभर बसलं तरी चालायचं. पण चांगले बीबीएस नेमके दुसऱ्या शहरात असायचे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या माणसाला न्यूयॉर्कच्या बोर्डावरची फाइल हवी असेल, तर तो लांब पल्ल्याचा कॉल, आणि त्याचं मीटर मिनिटागणिक पळणार.

फाइल उतरवायला लागायचा किती वेळ? तेव्हाचा बरा मोडेम सेकंदाला 1200 बिट पाठवायचा. एका अक्षराला, म्हणजे एका बाइटला, पुढचा-मागचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 120 अक्षरं. 100 किलोबाइटची फाइल घेतली तर सव्वाचौदा मिनिटं, तीही लाइन स्वच्छ असेल तर. आज मोबाइलमधला एक साधा फोटो याच्या वीस-तीसपट मोठा असतो.

या अडचणीवर तेव्हा एक तोडगा निघाला. दूरच्या शहरात आधीच एक मोडेम ठेवलेला असेल, आणि त्या मोडेमपर्यंत आपल्याला फोनच्या जाळ्यातून न जाता दुसऱ्याच एका जाळ्यातून पोहोचता आलं, तर? तो मोडेम त्या गावातला लोकल नंबर फिरवेल. आपल्या गावात आपला लोकल कॉल, तिथे त्याचा लोकल कॉल, आणि मधले तीन-चार हजार किलोमीटर भलत्याच कुणाच्या तारेवरून. अशा मोडेमला आउटडायल म्हणायचे. ही युक्ती चालली कशी, आणि तिच्यात गाठी कुठे कुठे पडल्या, ते बघण्यासारखं आहे.

मधलं जाळं

फोनचा कॉल लागला की दोन माणसांमध्ये एक वाट राखून ठेवली जाते. तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, वाट तुमचीच आणि पैसेही तुमचेच. माणसं बोलतात तेव्हा हे ठीक आहे. पण कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस एक ओळ टाइप करतो, मग विचार करतो, मग चहा पितो. पलीकडचा कॉम्प्युटर पानभर मजकूर ओततो आणि पुन्हा वाट बघत बसतो. एवढ्यासाठी अख्खी रिक्षा करून ती दारात उभी ठेवण्यापेक्षा शेअर रिक्षा परवडते. पॅकेट स्विचिंगचं गणित हेच. मजकुराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा कोणत्या संभाषणातला आहे याची खूण त्यावर घालायची, आणि एकाच तारेवरून अनेकांचे तुकडे मिसळून पाठवायचे. वाटेतले स्विच ते पुढे सरकवतात.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या आर्पानेटने 1969 पासून हे करून दाखवलं. पण आर्पानेट निवडक विद्यापीठं आणि प्रयोगशाळांपुरतं होतं. तेच तंत्र पैसे घेऊन कुणालाही विकायचं म्हणून बीबीएन या कंपनीने टेलेनेट काढली. बीबीएन म्हणजे आर्पानेटचे स्विच बनवणारी कंपनी. टेलेनेटचे प्रमुख म्हणून आले लॅरी रॉबर्ट्स, ज्यांनी आधी सरकारी नोकरीत आर्पानेटची उभारणी केली होती. टेलेनेटची सेवा 1975 मध्ये सात शहरांत सुरू झाली. टिमनेट हे तिचं मोठं प्रतिस्पर्धी जाळं. 1976 मध्ये एक्स.25 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, आणि कॅनडात डेटापॅक, फ्रान्समध्ये ट्रान्सपॅक, जर्मनीत डेटेक्स-पी, ब्रिटनमध्ये पीएसएस अशी जाळी एकामागून एक उभी राहिली.

(टेलेनेट हे कंपनीचं जाळं आणि टेलनेट ही इंटरनेटवरची आज्ञा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने कागद वाचताना भलेभले गडबडतात.)

एक्स.25 चे पॅकेट बनवायला बरीच बुद्धी लागते, आणि घरच्या कॉम्प्युटरला किंवा साध्या टर्मिनलला ती नव्हती. म्हणून जाळ्याच्या वेशीवर पॅड नावाचं यंत्र बसवलेलं असे. तुम्ही गावातला टेलेनेटचा नंबर फिरवला की तिकडे पॅड भेटायचा. तुमची सुटी अक्षरं गोळा करून त्यांचं पॅकेट बांधणं आणि आलेलं पॅकेट सोडून तुम्हाला अक्षरं देणं, एवढंच त्याचं काम. पुढे ज्या कटकटी सांगणार आहे, त्यातल्या निम्म्या या पॅडच्या आहेत.

ग्राहक बहुतेक मोठ्या कंपन्या होत्या. बँका, विमानकंपन्या, माहिती विकणाऱ्या संस्था. त्यांचे कॉम्प्युटर जाळ्याला थेट जोडलेले असत आणि त्यांची माणसं देशभरातून पॅडमार्फत आत येत. म्हणजे मूळ आखणीत वाहतूक एकाच दिशेची होती. फोनवरून जाळ्यात शिरायचं आणि मोठ्या कॉम्प्युटरपाशी थांबायचं. जाळ्यातून पुन्हा फोनवर बाहेर पडायची सोय नंतर जोडलेली. तत्त्व म्हणून ती अगदी साधी होती. ज्या जागी कंपनीचा कॉम्प्युटर असता, त्या जागी मोडेम लावायचे, बस.

रात्रीचा धंदा

कंपन्यांची कामं संध्याकाळी संपायची. भाड्याने घेतलेल्या लाइनी आणि स्विच रात्रभर जवळजवळ रिकामे पडून असायचे, आणि भाडं मात्र चोवीस तासांचं. टेलेनेटने 1985 मध्ये हा रिकामा वेळ घरगुती मोडेमवाल्यांना विकायचं ठरवलं. सेवेचं नाव पीसी परस्यूट. महिन्याला 25 डॉलर, संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत आणि शनिवार-रविवार दिवसभर, कितीही वेळ. नाव नोंदवायचे आणखी 25. आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटायला नको. एसटीडीला रात्री अकरानंतर पाव दर लागायचा आणि बूथसमोर त्याच वेळी रांग लागायची, त्यामागे हाच हिशेब होता.

मोजक्या मोठ्या शहरांत टेलेनेटने आउटडायल मोडेमचे संच बसवले, आणि पुढे शहरं वाढत गेली. वापरायची रीत अशी. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर आपल्या गावातला टेलेनेटचा नंबर फिरवायचा. मोडेमची किंकाळी थांबली की एंटर दोनदा दाबायचं, म्हणजे पॅडला तुमचा वेग कळतो. पॅड आपला पत्ता दाखवतो, टर्मिनल कोणतं ते विचारतो, आणि मग एका ओळीच्या सुरुवातीला नुसतं @ हे चिन्ह उमटतं. हा पॅडचा हुकूम ऐकायचा पवित्रा. इथे 'सी' हे अक्षर, म्हणजे जोडून दे, आणि पुढे शहराचं सांकेतिक नाव, तिरकी रेघ, वेग, स्वल्पविराम, आपला ओळख क्रमांक आणि पासवर्ड टाइप करायचा. न्यूयॉर्कसाठी एन-वाय-एन-वाय-ओ, वॉशिंग्टनसाठी डी-सी-डब्ल्यू-ए-एस. वेगाच्या जागी 12 लिहिलं की 1200 चा मोडेम, 24 लिहिलं की 2400 चा.

नशीब असेल तर 'कनेक्टेड' अशी ओळ यायची. नसेल तर 'बिझी', कारण एका शहरात मोडेम ठराविकच आणि रात्री सगळे एकदम तुटून पडायचे. जोडणी झाली की तुम्ही न्यूयॉर्कमधल्या एका मोडेमशी बोलत असता. त्याला ए-टी-झेड म्हणायचं, म्हणजे मागचं सगळं विसर. तो 'ओके' म्हणतो. मग ए-टी-डी-टी आणि पुढे न्यूयॉर्कमधला लोकल नंबर. हेज कंपनीने 1981 मध्ये आणलेल्या मोडेमच्या या आज्ञा तोवर जवळपास सगळ्यांनी उचलल्या होत्या. न्यूयॉर्कचा मोडेम न्यूयॉर्कमध्ये फोन लावतो, तिथल्या बीबीएसचा मोडेम उचलतो, आणि 1200 चं कनेक्शन झाल्याचा निरोप तीन-चार हजार किलोमीटरवरून तुमच्या पडद्यावर येतो.

आता वाटेतली यंत्रं मोजा. तुमचा कॉम्प्युटर, तुमचा मोडेम, पॅडचा मोडेम, पॅड, जाळ्यातले स्विच, पलीकडचा पॅड, आउटडायल मोडेम, बीबीएसचा मोडेम, बीबीएसचा कॉम्प्युटर. यातल्या तिघांना स्वतःच्या आज्ञा आहेत आणि तिघांनाही त्याच एका तारेवरून सांगायचं आहे. मग टाइप केलेलं अक्षर नेमकं कुणासाठी, हे कसं ठरणार?

हेज मोडेमशी मध्येच बोलायचं असेल तर सेकंदभर थांबून तीनदा अधिकचिन्ह टाइप करून पुन्हा सेकंदभर थांबायचं, अशी रीत. पण इथे वाटेत दोन मोडेम आहेत, तुमचा घरचा आणि न्यूयॉर्कचा. खूण दिली की घरचा आधी कान टवकारतो. शिवाय ती तीन अधिकचिन्हं तो पुढेही जाऊ देतो, त्यामुळे पलीकडचाही थांबण्याची शक्यता. म्हणून अनुभवी लोक त्या वाटेला जात नसत. ते पॅडला हाक मारायचे. एंटर, मग @, मग पुन्हा एंटर. पॅड ही तीन अक्षरं पुढे न पाठवता स्वतः गिळायचा आणि आज्ञा विचारायचा. तिथे 'डी' टाइप केलं की पलीकडची जोडणी तुटायची, आणि घरचा कॉल तसाच राहून लगेच दुसऱ्या शहराचा मोडेम मागता यायचा.

आधीचा माणूस मोडेम न झटकता निघून गेला असेल तर आणखी एक मजा. हेजच्या आज्ञांमध्ये 'ए' आणि तिरकी रेघ म्हणजे शेवटची आज्ञा पुन्हा कर. नव्या माणसाने तेवढंच टाइप केलं तर मोडेम आधीच्या माणसाने लावलेला नंबर निमूट पुन्हा फिरवणार. सार्वजनिक मोडेममध्ये खासगीपणा नावाची गोष्ट कुणी फारशी मनावर घेतलेली नव्हती, एवढं यावरून कळतं.

फाइल का रेंगाळायची

वाचायला-लिहायला ही सोय झकास होती. फाइल उतरवायला बसलं की माणूस वैतागायचा, आणि त्याचं कारण दोन निरुपद्रवी आकड्यांत दडलेलं होतं.

बीबीएसवर तेव्हा सर्रास चालायचा तो एक्समोडेम हा नियम. वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी 1977 मध्ये लिहिलेला. फाइलचे 128 बाइटचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला पुढे सुरुवातीची खूण, तुकड्याचा क्रमांक आणि त्याच क्रमांकाचं उलटं रूप, आणि मागे बेरजेचा एक बाइट. एकूण 132 बाइट. घेणारा बेरीज तपासतो आणि 'पोचलं' म्हणून एकच बाइट परत पाठवतो. तो येईपर्यंत देणारा हात बांधून बसतो. थेट फोनलाइनवर हे उत्तम चालायचं, कारण उत्तर निमिषात यायचं.

आता एक्स.25 च्या पॅकेटचा नेहमीचा आकार बघा. तोही 128 बाइट. म्हणजे 132 बाइटचा तुकडा आउटडायलकडच्या पॅडकडे आला की पहिले 128 एका पॅकेटात जातात आणि चार बाइट मागे उरतात. पॅडला काय माहीत की यापुढे काही येणार नाही? तो वाट बघतो. किती वाट बघायची ते एका आकड्याने ठरतं. पॅडचं वागणं ठरवणाऱ्या अशा आकड्यांची यादी एक्स.3 या मानकात आहे. पहिला आकडा पॅडला हाक कशी मारायची ते ठरवतो, दुसरा अक्षरं परत दाखवायची की नाही ते, आणि चौथा हा वाट बघण्याचा, सेकंदाच्या विसाव्या भागांत मोजलेला. तेवढा वेळ नवं अक्षर आलं नाही की पॅड हाती असेल ते बांधून पाठवून देतो. चार बाइटांसाठी हे एकदा, आणि उलट दिशेने येणाऱ्या 'पोचलं'च्या एका बाइटासाठी तुमच्याकडच्या पॅडवर पुन्हा एकदा.

खरा फटका मात्र वेगळ्याच ठिकाणी बसायचा. 1200 च्या वेगाने 128 अक्षरं पॅडकडे यायलाच सेकंदाहून जरा जास्त वेळ लागतो. पॅकेट भरेपर्यंत पहिलं अक्षर तिथेच बसून राहतं. पॅकेट भरलं, जाळ्यातून पलीकडे गेलं, आणि आता तुमच्याकडचा पॅड ती 128 अक्षरं पुन्हा 1200 च्याच वेगाने तुमच्या मोडेमला देणार. आणखी एक सेकंद. थेट लाइनवर ज्या तुकड्याला 1.1 सेकंद लागला असता, त्याला इथे दुप्पट, आणि वर पॅडच्या प्रतीक्षा आणि प्रवास वेगळे. 100 किलोबाइटच्या फाइलचे 800 तुकडे होतात. थेट लाइनवर पंधरा मिनिटांत उरकणारं काम अर्ध्या तासावर जातं, आणि त्या अर्ध्या तासातला निम्मा वेळ देणारा कॉम्प्युटर नुसता बसून असतो. 2400 चा मोडेम घेतला तर भरण्या-ओतण्याचा वेळ अर्धा होईल. पॅडची प्रतीक्षा आणि जाण्यायेण्याचा वेळ जशाचा तसा.

याशिवाय पॅड काही अक्षरांना थांबण्याची आणि पुन्हा सुरू होण्याची खूण मानायचा, आणि फाइलमध्ये ती अक्षरं कुठेही सापडू शकतात. सापडली की फाइल मध्येच अडकायची. जाणते लोक आधी पॅडचे आकडे बदलून घ्यायचे, बाकीचे नशिबाला दोष द्यायचे.

टेलेनेटला हे परवडणारं नव्हतं. फाइलला दुप्पट वेळ लागतो, असं गिऱ्हाईक म्हणायला लागलं तर सेवा बुडालीच. म्हणून कंपनीने 1986 मध्ये ओरेगनमधल्या चक फोर्सबर्ग यांना पैसे देऊन फाइल पाठवण्याचा नवा नियम लिहून घेतला, आणि तो सगळ्यांना फुकट वापरायला मोकळा सोडला. हाच झेडमोडेम. यात देणारा प्रत्येक तुकड्याला थांबत नाही, फाइल सरळ ओतत राहतो. काही बिघडलं तर घेणारा सांगतो की अमुक जागेपासून पुन्हा पाठव. वाट कितीही लांब असो, नळ चालू राहतो. मध्येच लाइन तुटली तर पुढच्या वेळी राहिलेल्या जागेपासून पुढे, ही सोयही त्यातच आली. पुढची दहाएक वर्षं जगभरच्या बीबीएसवर झेडमोडेम वापरला गेला. बहुतेकांना तो टेलेनेटच्या पॅडसाठी बनला होता याचा पत्ताही नव्हता.

त्याच्या पोटात मात्र खूण आहे. झेडमोडेम काही ठराविक अक्षरं जशीच्या तशी पाठवत नाही, वेष बदलून पाठवतो. त्यातलं एक अक्षर म्हणजे एंटरचं, पण तेव्हाच, जेव्हा त्याच्या आधी @ आलेलं असेल. कारण एंटर, @, एंटर असा क्रम फाइलमध्ये योगायोगाने आला तर टेलेनेटचा पॅड ती हाक समजून उत्तराला उभा राहिला असता. लिनक्सवर आजही मिळणाऱ्या झेडमोडेमच्या प्रोग्रॅममध्ये ही तपासणी तशीच आहे. एका कंपनीच्या एका यंत्राची सवय अशी चाळीस वर्षं टिकून राहते. मला हे इतिहासाच्या पुस्तकातल्या सनावळीपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

पलीकडचा कॉल कुणाच्या खात्यावर

आउटडायलची तांत्रिक बाजू इथवर. पण हा मोडेम फोनच्या एक्सचेंजला साधा ग्राहकच दिसतो, आणि त्याने लावलेल्या प्रत्येक कॉलचं बिल त्या लाइनच्या मालकाच्या नावे जातं. फिरवणारा दुसराच कुणीतरी, हजारो मैलांवर. म्हणून पीसी परस्यूटच्या मोडेमना फक्त लोकल नंबर लावायची परवानगी होती. असे मोडेम चोरून वापरणाऱ्यांच्या बोलीत पुढे दोन जाती ठरल्या. गावातल्या गावात लावू देणारा तो लोकल आउटडायल, आणि कुठलाही नंबर लावू देणारा तो ग्लोबल. दुसऱ्या जातीचा सापडला की घबाडच.

स्थानिक फोन कंपन्या मात्र लोकलवरही खूश नव्हत्या. लांब पल्ल्याचा कॉल विकणाऱ्या कंपनीला दोन्ही टोकांच्या स्थानिक कंपन्यांना जोडणीशुल्क द्यावं लागे. टेलेनेटसारखी माहितीची जाळी यातून वगळलेली होती. त्यांना साध्या व्यापारी फोनचं भाडं भरलं की पुरे. आउटडायलमुळे गोष्ट उघडी पडली, कारण दोन्ही टोकांना फोनच होता आणि मध्ये फक्त तार वेगळी. 1987 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ही सूट काढायचा प्रस्ताव मांडला. मोडेमवाल्यांनी त्याला 'मोडेम टॅक्स' म्हणून इतका गहजब केला की 1988 मध्ये तो गुंडाळावा लागला. खरं सांगायचं तर फोन कंपन्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. लोकलच्या भाड्यात देशभर बोलणं चाललंय, हे त्यांना दिसत होतं. पण तेव्हा ते शुल्क लागलं असतं तर घरगुती इंटरनेट बाळसं धरायच्या आतच महाग झालं असतं.

पीसी परस्यूटचं 'कितीही वेळ' मात्र टिकलं नाही. काही जण रात्रभर लाइन धरून बसायचे, बाकीच्यांना बिझी. 1989 मध्ये महिन्याला 30 तासांची मर्यादा आली आणि बरेच लोक सोडून गेले.

बिल कुणाच्या नावे हा प्रश्न किती महागात पडू शकतो, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 1986 चं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफ स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ कॉम्प्युटर सांभाळण्याच्या कामाला लागले होते. हिशेबात 75 सेंटचा फरक आला, तो शोधताना कुणी परका आत येत असल्याचं त्यांना दिसलं. तो टिमनेटच्या जवळच्या ऑकलंडमधल्या नंबरावरून येत होता. म्हणजे माणूस इथलाच, असं वाटावं. फोन कंपनीने माग काढला तर कॉल देशाच्या दुसऱ्या टोकाहून, व्हर्जिनियातल्या मॅक्लीनहून. तिथे मायटर ही संरक्षण खात्यासाठी काम करणारी संस्था. मग चोर मायटरमधला का? तसंही नव्हतं. मायटरच्या आतल्या जाळ्यावर कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बाहेर फोन लावणारे मोडेम ठेवलेले होते. जो आतल्या जाळ्यात पोहोचला, त्याला ते बिनबोभाट वापरता येत. आणि आतल्या जाळ्यात बाहेरून, पॅकेटच्या जाळ्यातून, पोहोचता येत होतं. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बसलेला मार्कुस हेस तिथवर पोहोचला होता. त्याने मायटरचे मोडेम वापरून अमेरिकेतल्या अमेरिकेत फोन लावले आणि बिलं मायटरने भरली. बिलांची पानं उलटल्यावर देशभरच्या नंबरांना केलेले मिनिट-मिनिटाचे कॉल महिनोन् महिने मागेपर्यंत सापडले. तोवर कुणाच्या नजरेत ते भरले नव्हते. मोठ्या संस्थेचं फोनबिल कोण ओळ न् ओळ वाचतो?

आउटडायलने इथे पैशाखेरीज आणखी एक गोष्ट फुकट दिली, ती म्हणजे आडोसा. पॅकेटचं जाळं कोण कुठून आलं ते सांगू शकत होतं, आणि फोन कंपनी कॉल कुठून लागला ते. पण जाळ्यातून आलेला कोणता माणूस कोणता मोडेम घेऊन बाहेर पडला, ही जोड फक्त मायटरच्या कॉम्प्युटरला माहीत असू शकत होती, आणि तो नोंद ठेवत नव्हता. मायटरने मोडेम बंद केल्यावर हेस टिमनेटवरून सरळच येऊ लागला आणि मग माग जर्मनीपर्यंत लावता आला. तो आणि त्याचे साथीदार चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते, असं पुढे खटल्यात सिद्ध झालं.

या जाळ्यांच्या पत्त्यांबद्दल एक गंमत राहिली. एक्स.25 च्या जगात प्रत्येक जाळ्याचा चार आकडी क्रमांक असे आणि त्यातले पहिले तीन आकडे देशाचे. टेलेनेटचा 3110, टिमनेटचा 3106, डेटेक्स-पीचा 2624. भारताच्या वाट्याला 404 आला. मोबाइल फोन आले तेव्हा देशांचे हेच आकडे उचलले गेले. आपल्या सिमकार्डात दडलेला ओळख क्रमांक आजही 404 किंवा 405 ने सुरू होतो.

भारतातही एक्स.25 ची जाळी होती, दूरसंचार खात्याचं आय-नेट त्यातलंच. पण पीसी परस्यूटसारखं, घरगुती माणसाला परगावचा मोडेम भाड्याने देणारं काही इथे रुजलं नाही. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत इंटरनेट खुलं केलं, तेव्हा आडगावच्या हौशी माणसाला उरला तो एसटीडीच. रात्री जागायचं, पाव दर लागला की महानगरातला नंबर फिरवायचा, पत्रं झटपट उतरवायची आणि उत्तरं फोन ठेवून निवांत लिहायची.

अमेरिकेत तोवर आउटडायल इंटरनेटवर सरकले होते. विद्यापीठांनी आपल्या लोकांसाठी ठेवलेले मोडेम बाहेरून कुणालाही गाठता यायचे, आणि त्यांच्या पत्त्यांच्या याद्या हातोहात फिरायच्या. यादीतला मोडेम फार दिवस टिकत नसे. महिन्याचं बिल आलं की लेखा विभागातून फोन जायचा, आणि आठवड्याभरात त्या मोडेमवर पासवर्ड बसायचा किंवा तो उपटून ठेवला जायचा.